साठीनंतरचं स्वतःचं काम: आधी वेळ, मग दर, मग कार्ड

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले नव्हते, तोच खालच्या मजल्यावरचे काका फाईल घेऊन दारात उभे. "तुम्ही बँकेत होतात ना, जरा सोसायटीचे हिशेब बघता का? तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम!" तो अर्धा तास दोन वर्षं चालला. मोबदला म्हणाल तर दर दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा आणि वार्षिक सभेत एक नारळ. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या सोसायटीने विचारलं तेव्हा मात्र मी धीर करून आकडा सांगितला. समोरचे सेक्रेटरी क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "ठीक आहे, कधीपासून येताय?" इतकंच होतं. ते सुचायला मला दोन वर्षं लागली.

आज माझ्याकडे चार सोसायट्यांचं काम आहे, चारही कोथरूडमधल्या. पेन्शन आहे, त्यामुळे चूल या कामावर पेटत नाही. पण सकाळी नऊला टेबलाशी बसायला कारण आहे. ओळखीची मंडळी विचारतात, "आम्हाला पण असं काही सुचव." त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते. पुण्यात साठीच्या पुढच्या माणसाला कामाचा तुटवडा नाही. अडतं ते पैसे मागताना आणि नाही म्हणताना. म्हणून या लेखात 'काम कसं शोधावं' थोडं आहे आणि 'ते आवाक्यात कसं ठेवावं' जास्त आहे.

महिनाभर नुसती नोंद करा

पहिला महिना काहीही सुरू करू नका. कार्ड छापू नका, शिलाई मशीन घेऊ नका, मुलाला वेबसाइट बनवायला सांगू नका. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर रोज लिहा, आज कुणी कशासाठी फोन केला, कुणी काय विचारलं. "वीजबिल जास्त आलंय, बघता का?", "नातीला गणितात अडलंय", "तुमच्या हातच्या भाजणीचं प्रमाण सांगा", "आईला डोळे तपासायला न्यायचंय, याल का सोबत?" उजव्या पानावर आपण किती वाजता ताजेतवाने होतो आणि कधी डोळे मिटायला लागले ते.

महिन्याच्या शेवटी डावं पान वाचा. वेगवेगळ्या तीन जणांनी एकच गोष्ट मागितली असेल, तर तोच तुमचा धंदा. छंद वेगळा. मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर वारली चित्रं काढून विकेन. महिन्याभरात चित्रांबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही. हिशेबाबद्दल सहा जणांनी विचारलं. चित्रं मी अजून काढते, भिंतीवर लावते, विकत नाही. बरं चाललंय.

उजव्या पानावरून वेळ ठरवा आणि ती घरात आधी जाहीर करा. माझी वेळ सोमवार ते गुरुवार, नऊ ते एक. एक ते चार फोन बंद. पुण्यात याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, ही या शहराची कृपा. पण घरातल्यांना द्यावं लागतं. नातवाची शाळेची बस साडेबाराला येत असेल, तर त्या वेळी कोण उतरणार हे काम घेण्याआधी सुनेशी, मुलाशी बोलून घ्या. 'आई काय, घरीच असते' हे वाक्य एकदा रुळलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

आणि एक कुंपण आजच घाला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले, मुदत ठेवीतले, ग्रॅच्युइटीचे पैसे या कामात घालायचे नाहीत. ज्या कामाला सुरुवातीलाच मोठं भांडवल लागतं ते या वयात आपलं काम नव्हे. माझा सुरुवातीचा खर्च म्हणजे एक प्रिंटर आणि चष्म्याचा नवा नंबर.

पुण्यात खरोखर मिळणारी कामं

आधी माझंच सांगते, कारण ते मला आतून माहीत आहे. पुण्यात गल्लीगल्लीत गृहनिर्माण सोसायट्या आहेत आणि बहुतेकांचे खजिनदार हे 'कुणीच तयार नव्हतं म्हणून' झालेले असतात. कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण व्हायला हवं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. लेखापरीक्षक सरकारी नामिकेतलाच, म्हणजे मान्य यादीतलाच लागतो, ते काम आपलं नाही. पण त्याच्यापुढे ठेवायची पुस्तकं कुणीतरी लिहायला हवीत: महिन्याची बिलं, पावत्या, बँकेचा ताळमेळ, थकबाकीची यादी, आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) आणि जे रजिस्टर (सभासदांची यादी). बँकेत, शाळेच्या ऑफिसात, महसुलात, कुठल्याही कारखान्याच्या अकाउंट्समध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तम. छोट्या सोसायटीला एक्सेलही पुरतं.

थोडे नियम मात्र पाठ हवेत, कारण सभासद फोन करून तेच विचारतात. भाडेकरू ठेवल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. महापालिका हद्दीत फ्लॅट हस्तांतराचं अधिमूल्य (प्रीमियम) २५ हजारांवर घेता येत नाही. एका सभासदाचं मासिक देखभाल शुल्क ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच जीएसटी लागू होतो. एवढं तोंडावर असलं की सेक्रेटरी तुम्हाला सोडत नाहीत.

या कामाला ऋतू आहे. एप्रिल ते जुलै मान वर करायला फुरसत नसते, ऑक्टोबरनंतर आठवड्यातून दोन सकाळी पुरतात. मे महिन्यात अमेरिकेत लेकीकडे जाणार असाल तर हे काम घेऊ नका.

दुसरं, मराठी शिकवणं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं झालं. त्यामुळे बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडीच्या मोठमोठ्या संकुलांत अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी मराठीचा गंध नाही आणि शाळेत 'ळ' लिहायचाय. निवृत्त शिक्षिकाच हवी असं नाही. धीर हवा आणि अक्षर बरं हवं. मोठ्यांचाही वर्ग निघतो: दिल्ली-लखनौहून नोकरीसाठी आलेल्या जोडप्याला व्याकरण नको असतं, भाजीवालीशी आणि कामवाल्या मावशींशी बोलता यायला हवं असतं. माझ्या एका मैत्रिणीचा पहिला धडा असा असतो: "दादा, मेथी कशी दिली?" आणि त्यावर येऊ शकणारी चार उत्तरं. व्हिडिओ कॉलवर शिकवते, त्यामुळे कोथरूडहून खराडी गाठावी लागत नाही.

तिसरं काम म्हणजे सोबत. याला अजून धड नावही नाही, पण मागणी पाहून मी थक्क होते. मुलं परदेशात, आईवडील ऐंशीच्या घरात, फ्लॅट मोठा, लिफ्ट चालू, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बरोबर जाणारं कुणी नाही. तुम्ही बासष्टचे, ठणठणीत, दुचाकी किंवा चारचाकी चालवता: त्यांच्या लेखी तुम्ही तरुण आहात. दवाखान्यात नेणं, रांगेत थांबणं, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून मुलाला कळवणं, बँकेत नेणं. नोव्हेंबरात तर हयातीच्या दाखल्यांचा हंगामच असतो (ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो). जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. खिडकीजवळ उजेडात बसवायचं, चष्मा काढायला सांगायचा, पापण्यांची उघडझाप करायला सांगायची, दहा मिनिटांत उरकतं. ज्याला ते जमत नाही त्याला तो डोंगर वाटतो.

या कामात तीन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. त्यांचं एटीएम कार्ड किंवा पिन आपल्याकडे ठेवायचं नाही, ते स्वतः देत असले तरी. दवाखान्याच्या संमतिपत्रावर 'नातेवाईक' म्हणून सही करायची नाही. मुलाला फोन लावून द्यायचा. औषध आपल्या मनाने बदलायचं, थांबवायचं नाही. प्रत्येक फेरीनंतर खर्चाच्या पावत्यांचा फोटो मुलाला पाठवा. विश्वास कितीही असो, पाठवा. विश्वास त्यानेच टिकतो.

मोडी लिपी हे जरा हटके, पण पुण्यासारख्या गावात खास. मोडीत लिहिलेली जुनी खरेदीखतं, गावनमुने, इनामाचे कागद घरोघरी ट्रंकेत पडलेत आणि वाचणारे मोजके. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा मोडी वाचकांची टंचाई सगळ्यांनाच कळली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दप्तर सांभाळणारं पुराभिलेखागार आहे. शिकायला यासारखं दुसरं गाव नाही. पण स्पष्ट सांगते, वर्ग करून प्रमाणपत्र मिळालं म्हणजे वाचता येत नाही. वर्षभर रोज एक कागद डोळ्यांखालून घालायची तयारी हवी. इतिहासाची, कायद्याची आवड असलेल्या, घाई नसलेल्या माणसाचं हे काम. भिंग आणि चांगला टेबललॅम्प घ्या.

फराळ आणि मोदकांबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडं सावध करते. करणाऱ्या पुष्कळ आहेत आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कंबर मोडणारे असतात. ज्यांचं चाललंय त्यांनी एकच पदार्थ धरलाय. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या काकू फक्त उकडीचे मोदक करतात, तेही फक्त गणपतीत आणि संकष्टीला, फक्त २१ च्या पटीत, आणि सकाळी अकराच्या आत घेऊन जाणाऱ्यालाच. अकरानंतर आलेल्याला दारावरची पाटी वाचून परत जावं लागतं. मोदक थंड झाला की पारी कोरडी पडते, मग नाव त्यांचं खराब होतं, गिऱ्हाइकाचं नाही. डबे-पिशव्या रविवार पेठेतून घाऊक आणतात. त्यांना भाजणी, चकली, चिवडा विचारणारे रोज असतात. त्या नाही म्हणतात. मला त्यांच्या मोदकांइतकंच त्या 'नाही'चं कौतुक वाटतं.

बाकी कामं थोडक्यात. पिको-फॉल, ब्लाऊजची दुरुस्ती, पँटची उंची कमी करणं: मशीन घरात असेल तर उद्यापासून. गच्चीतल्या बागांची देखभाल: गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी, महिन्यातून एकदा खत आणि छाटणी. प्रबंधाचं मुद्रितशोधन: विद्यापीठाच्या गावात याला मरण नाही, पण जमा करायच्या तारखेच्या आदल्या रात्री येणाऱ्याला दुप्पट दर लावा. गाडी चालवण्याचा हात चांगला असेल तर मुंबई विमानतळाच्या फेऱ्या मिळतात. रात्रीच्या मात्र घेऊ नका.

विमा किंवा साखळी पद्धतीच्या उत्पादनांच्या एजन्सीबद्दल माझं मत वाईट आहे. पहिली दहा गिऱ्हाइकं म्हणजे आपलेच भाऊ, मेव्हणे, जुने सहकारी. वर्षभरात ओळखी संपतात आणि लग्नकार्यात लोक आपल्याला टाळायला लागतात.

पहिले तीन महिने, आणि माझी फजिती

ठरवलेल्या कामाची आधी चाचणी घ्या. दोन किंवा तीनच गिऱ्हाइकं, तीन महिने. तिन्ही महिन्यांत उजव्या पानाची नोंद चालू ठेवा: कामाला किती तास लागले, प्रवासाला किती, फोनवर किती. फोनचे तास कुणी मोजत नाही आणि तेच सगळ्यात जास्त निघतात.

मी काय केलं ते ऐका. दुसरी सोसायटी घेतली तेव्हा कागद न पाहता वर्षाची ठोक रक्कम सांगून बसले. छत्तीस फ्लॅट, त्यात काय मोठं! फाईल आली ती प्लास्टिकच्या तीन पिशव्यांतून. आधीच्या खजिनदाराने तीन वर्षं जे कळलं नाही ते सगळं 'उचंत खाते' नावाखाली टाकून ठेवलं होतं. कुणाचे पैसे बँकेत थेट आलेत, नाव नाही. कुणाची पावती आहे, पैसे नाहीत. एका सभासदाने तर दोन फ्लॅटचं शुल्क एकाच चेकने भरलं होतं आणि तो चेक तिसऱ्याच्या नावावर जमा. बँकेच्या पासबुकातली ओळन् ओळ पेन्सिलने खूण करत मी दोन महिने बसले. आमचे 'हे' शेवटी म्हणाले, "नोकरीत तरी पाच वाजता सुटायचीस." ठोक रक्कम तीच राहिली, कारण शब्द मी दिला होता.

तेव्हापासून नियम: कागद पाहिल्याशिवाय दर नाही. जुनं निस्तरण्याचे पैसे वेगळे, पुढचं चालवण्याचे वेगळे, आणि दोन्ही एका कागदावर लिहून, सहीसकट. शिकवणीलाही हेच लागू आहे. मुलाची वही पाहा, मग फी सांगा.

दर कसा ठरवायचा आणि तोंडाने कसा सांगायचा

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. 'ओळखीत कसे पैसे घ्यायचे?' माझं उत्तर असं की घ्यायचे नसतील तर घेऊ नका, पण मग त्याला काम म्हणू नका आणि त्यावर कुरकुरू नका. फुकटात केलेल्या कामाला वेळ नसते. लोक रात्री साडेनवाला फोन करतात आणि त्यांना त्यात गैर वाटत नाही. पैसे घेतले की दोन्ही बाजू शिस्तीत येतात.

दरासाठी आपल्या भागातल्या तीन जणांना चालू भाव विचारा. एकाच क्लासची, एकाच एजन्सीची फी पाहून ठरवू नका. मग आपले खरे तास मोजा, फोन आणि प्रवास धरून, आणि ताशी काय पडतं ते पाहा. घरकामाच्या मावशींना ताशी जे पडतं त्याच्या खाली आपण जात असू तर दर चुकलाय. हा माझा घरगुती गज आहे, अर्थशास्त्र नाही.

सांगताना 'तुम्ही द्याल ते' हे वाक्य तोंडातून काढू नका. हे वाक्य नम्र वाटतं, पण समोरच्याला कोड्यात टाकतं आणि तो सगळ्यात लहान आकडा शोधतो. आकडा सांगा आणि गप्प बसा. ती शांतता आपणच भरून काढली की दर पडतो: "म्हणजे तसं काही नाही हो, कमी-जास्त करू." मी आरशासमोर उभी राहून सराव केलाय. हसायचं तर हसा.

महिन्याच्या पाच तारखेला पैसे, यूपीआयने, कामासाठी वेगळ्या बचत खात्यात. पेन्शनच्या खात्यात मिसळू नका, वर्षाच्या शेवटी निवडता निवडता जीव जातो. सख्ख्या नात्यात सूट द्यायची असेल तर पूर्ण फुकट द्या आणि वर्षातून एकदाच द्या. अर्ध्या दरात दोघंही नाराज होतात.

गिऱ्हाईक कुठून येतं

पहिलं गिऱ्हाईक लिफ्टमध्ये भेटतं. दुसरं त्याच्या सांगण्यावरून येतं. जाहिरातीवर खर्च करू नका. पन्नास कार्डं पुरतात, त्यावर नाव, काम, वेळ आणि फोन. वेळ जरूर छापा. 'सकाळी ९ ते १, एक ते चार फोन घेतला जात नाही' असं छापलेलं कार्ड पुण्यात विश्वासार्ह वाटतं, हा माझा अनुभव.

कुठे द्यायचं? आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात, हास्यक्लबात, वाचनालयाच्या काउंटरवर, औषधाच्या दुकानात. औषधवाल्याला सगळ्यांची घरं माहीत असतात. सोबतीच्या कामासाठी त्याच्यासारखा दुवा नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदाच लिहा, रोज सुप्रभातासोबत नको. गूगल मॅपवर आपल्या कामाची नोंद फुकट करता येते, पण तिथे घराचा पत्ता दाखवू नका, फक्त परिसर ठेवा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ज्येष्ठांच्या पुनर्नोकरीसाठी सेक्रेड नावाचं पोर्टल काढलं. नाव नोंदवून ठेवायला हरकत नाही. वाट पाहत मात्र बसू नका. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही फोनमध्ये साठवून ठेवा, कामासाठी नाही तरी अडीअडचणीला.

अंतराचं पथ्य कडक पाळा. माझी हद्द म्हणजे चालत वीस मिनिटं किंवा मेट्रोने चार स्टेशनं. वनाजहून नळ स्टॉप, गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रोने जाते. पुढचं काम कितीही चांगलं असलं तरी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवते. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहाला दुचाकीवर अडकलेलं माणूस आनंदाने कार्यरत आहे असं कुणी म्हणणार नाही.

कागदपत्रं

घाबरण्यासारखं फारसं काही नाही.

सरकारी खात्यातून किंवा बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाला असाल, तर पहिल्या वर्षात स्वतःचा व्यवसाय सुरू करायलाही पूर्वपरवानगी लागू शकते. जुन्या कार्यालयाच्या पेन्शन विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. केंद्र सरकारच्या गट अ अधिकाऱ्यांना ही एक वर्षाची अट आहेच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. 'आम्ही करून देतो' म्हणत दोन-अडीच हजार मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइटी भरपूर आहेत. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते पाहूनच पुढे जा. आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या आत जीएसटी नोंदणी लागत नाही, वस्तू विकणाऱ्यांना ४० लाखांच्या आत. खाण्याचं विकणार असाल तर मात्र अन्नसुरक्षेची नोंदणी घ्याच. छोट्या घरगुती कामाला वर्षाला १०० रुपये फी आहे आणि डब्यावर तो चौदा आकडी क्रमांक असला की सोसायटीतल्या तक्रारखोर माणसाचंही तोंड बंद होतं.

महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो, पण वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्याला तो माफ आहे. हे सांगायला कुणी येत नाही. मी दोन वर्षं भरला, मग पासष्ट झाले.

प्राप्तिकरात एक खाच आहे. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही. आपण काम सुरू केलं की ती सूट जाते. कर बसत असेल आणि तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असाल, तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा. ही योजना आपल्यासाठी सोयीची आहे: हिशेब, अभियांत्रिकी, वकिली, वैद्यकीय अशा ठरावीक व्यवसायांत मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात, इतर छोट्या धंद्यात ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के. वह्या लिहीत बसायला नको. मात्र दलाली-कमिशनवाल्यांना ती लागू नाही. पेन्शनवाल्यांचं 'सहज' विवरणपत्र सोडून 'सुगम' भरावं लागतं. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे बहुतेकांना भरावं काहीच लागणार नाही. विवरणपत्र तरी भराच. पहिल्या वर्षी सनदी लेखापालाला फी देऊन बसा. आपण फी मागतो, तशी द्यायचीही.

फसवणूक

'घरबसल्या टायपिंग, दिवसाला दोन हजार' असले संदेश साठीच्या लोकांनाच नेमके येतात. ओळखायची खूण एकच: काम देणारा आधी पैसे मागतो. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, किट, अनामत, नाव काहीही असो. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा: व्हिडिओ लाइक करा, पन्नास रुपये मिळतील. पहिले पन्नास खरंच मिळतात, मग पन्नास हजार जातात. तिसरा, टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून 'करारभंगा'ची नोटीस आणि वकिलाचा फोन. घाबरून एक रुपया देऊ नका. पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात. आणि मुलांना सांगा. 'बोलतील' म्हणून न सांगणं हीच त्या लोकांची खरी कमाई.

शरीर

दर तासाला उठा. वर्षातून एकदा डोळे, साखर, रक्तदाब तपासा आणि तो खर्च कामाच्या पैशातून करा. आजारपणाच्या आठवड्यासाठी एक बदली माणूस आधीच ठरवून ठेवा. मी आणि माझी बँकेतली जुनी सहकारी एकमेकींच्या बदली आहोत. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिच्या दोन सोसायट्या सांभाळल्या, माझ्या कोविडोत्तर खोकल्यात तिने माझ्या.

काम सोडायचं कसं

सुरू करतानाच हे ठरवावं लागतं, आणि नेमकं हेच कुणी ठरवत नाही. माझ्या प्रत्येक कागदावर एक ओळ असते: दोन्हीपैकी कुणीही दोन महिन्यांची सूचना देऊन थांबू शकेल. ऑगस्टच्या मध्यात, लेखापरीक्षण उरकल्यावर, पुढचं वर्ष घ्यायचं की नाही हे मी दर वर्षी नव्याने ठरवते. गेल्या वर्षी पाच सोसायट्या होत्या. पाचवीत तिसरा मजला होता आणि लिफ्ट नव्हती.

सोडताना सगळे व्हाउचर क्रमाने लावून, पेनड्राइव्हवर प्रत घेऊन, काय काय दिलं त्याच्या यादीवर सेक्रेटरींची सही घेतली. त्यांचे पासवर्ड त्यांच्यासमोर बदलायला लावले. ते म्हणाले, "ताई, एवढं कशाला, घरचंच आहे." मी म्हटलं, सही इथे करा.

आणि माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. कुठल्या सोसायटीची फाईल कुठल्या खणात, कुणाचे पैसे यायचेत, कुणाला फोन करायचा, बदली कोण. मुलाला दाखवून ठेवलाय. त्याने तो वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "आई, यात नारळवाल्या काकांची सोसायटी पण आहे का?" आहे. आता ते पाच तारखेला पैसे पाठवतात. दिवाळीचा डबा त्यांनी बंद केला.